साहसशिक्षण शाळा, उष्ण कटिबंधीय

समुद्र, डोंगर व अरण्य यांसारख्या नैसर्गिक परिसरात, प्रशिक्षित निदेशकांच्या देखरेखीखाली धाडसाचे प्रसंग योजून तरुणांच्या स्वभावाची व सहजीवनाची घडण करू पाहणाऱ्या निवासी शिक्षणसंस्था. शाळा हे नाव असले, तरी त्यांत नेहमीचे पाठ्यविषय शिकविले जात नाहीत. निष्णात खेळाडू किंवा सैनिक तयार करणे हाही त्यांचा प्रत्यक्ष उद्देश नसतो. होडी वल्हविणे, पदभ्रमण, प्रस्तरारोहण, उघड्यावरील मुक्काम ही येथे साधने मानली जातात आणि स्वावलंबन, सहकार्य, निर्णयशक्ती व सेवावृत्ती ही साध्ये. या संस्थांचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या थंड समुद्रकिनाऱ्यावर झाला. परंतु दहा-पंधरा वर्षांतच पश्चिम आफ्रिका, पूर्व आफ्रिका आणि मलाया या उष्ण कटिबंधीय प्रदेशांत त्यांचा प्रसार झाला. हवामान बदलले, विद्यार्थी बदलले आणि शाळा चालविणाऱ्यांचे हेतूही बदलले. त्यामुळे मूळ कल्पनेची खरी कसोटी या प्रदेशांतच लागली, असे म्हणता येईल.

पूर्वपीठिका : या शिक्षणपद्धतीचे प्रवर्तक जर्मन शिक्षणतज्ञ कुर्ट हान (१८८६–१९७४) हे होत. बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी बाडेनचे राजपुत्र माक्स यांच्या साहाय्याने १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत झालेम येथे निवासी शाळा स्थापन केली. १९३२ मध्ये पोटेंपा या गावी नाझी हस्तकांनी एका कामगाराचा खून केला आणि हिटलरने मारेकऱ्यांना जाहीरपणे पाठिंबा दिला. तेव्हा झालेम व हिटलर यांपैकी एकाची निवड करावी, असे आवाहन हान यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना केले. परिणामी १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. नागरिकाचे नैतिक धैर्य आयत्या वेळी उगवत नाही, त्याची सवय तरुणपणीच लागावी लागते, या त्यांच्या श्रद्धेला स्वानुभवाचा आधार होता.

साहसशिक्षणाची स्वतंत्र शाळा मात्र युद्धाच्या निकडीतून जन्मली. लिव्हरपूलच्या ‘ब्लू फनेल’ या जहाज कंपनीचे एक प्रमुख लॉरेन्स होल्ट यांना असे आढळले होते, की पाणबुड्यांच्या हल्ल्यात जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांत तरुण व धडधाकट खलाशी आधी धीर सोडतात, तर शिडाच्या जहाजांवर वाढलेले प्रौढ खलाशी अधिक काळ तग धरतात. हे निरीक्षण होते, शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे. तथापि त्यातून काढलेला निष्कर्ष दूरगामी ठरला. उणीव शरीरबळाची नसून आत्मविश्वासाची व परस्परविश्वासाची आहे, असे होल्ट यांना वाटले. त्यांच्या अर्थसाहाय्याने व हान यांच्या योजनेनुसार १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही येथे सुमारे चार आठवड्यांचे शिक्षणक्रम सुरू झाले. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला इंग्रज खलाशी ‘आउटवर्ड बाउंड’ म्हणतात. तेच नाव या शाळेस देण्यात आले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, आउटवर्ड बाउंड विश्वस्त निधी स्थापन झाला. १९५० मध्ये इंग्लंडमधील एस्कडेल येथे पर्वतीय शाळा सुरू झाली आणि १९५१ मध्ये मुलींसाठी पहिला शिक्षणक्रम घेण्यात आला.

ब्लू फनेलची जहाजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिंगापूर, मलाया व चीन येथील बंदरांशी व्यापार करीत होती. म्हणजे ज्या कंपनीच्या पैशाने पहिली शाळा उभी राहिली, तिच्या समृद्धीचा बराचसा भाग उष्ण कटिबंधीय सागरी मार्गांवरच अवलंबून होता. पुढे ही शाळा त्याच मार्गांनी पूर्वेकडे गेली, हा इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय.

विचारसरणी : आधुनिक जीवनपद्धतीमुळे तरुणांत सहा प्रकारचा ऱ्हास होत आहे, असे हान यांचे निदान होते. शारीरिक क्षमता, उपक्रमशीलता, स्मृती व कल्पनाशक्ती, कौशल्य व काळजीपूर्वक काम करण्याची सवय, आत्मसंयम आणि करुणा या सहांपैकी करुणेचा ऱ्हास त्यांना सर्वांत गंभीर वाटे. त्यावर त्यांनी चार उपाय सुचविले : शरीरशिक्षण, मोहीम, हाताने वा बुद्धीने पूर्ण करावयाचा प्रकल्प आणि संकटग्रस्तांची सुटका. यांपैकी शेवटच्या उपायास ते सर्वश्रेष्ठ मानीत. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० मध्ये युद्धाला नैतिक पर्याय शोधण्याचा विचार मांडला होता. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे हा तो पर्याय होय, असे हान म्हणत. धाडस हे स्वतःच्या बळाची प्रौढी मिरविण्यासाठी नसून इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी असते, हे या विचारसरणीचे मर्म आहे. ते ज्या शाळांनी दृष्टीआड केले, त्यांच्या शिक्षणक्रमाला केवळ कष्टांच्या शर्यतीचे स्वरूप आले.

उष्ण कटिबंधात प्रवेश : १९५१ मध्ये ॲलेक डिक्सन यांनी तत्कालीन ब्रिटिश कॅमेरून्समध्ये मॅन-ओ-वॉर बे या उपसागराकाठी एक प्रशिक्षण केंद्र सुरू केले. हा प्रदेश त्या वेळी नायजेरियाच्या प्रशासनाशी जोडलेला होता. केंद्राच्या मागे ४,००० मी.हून अधिक उंचीचा कॅमेरून पर्वत आणि पुढे गिनीचे आखात आहे. पर्वताच्या नैर्ऋत्य पायथ्याशी असलेल्या देबुंदशा येथे वर्षाकाठी सु. १०,००० मिमी. पाऊस पडतो, जगातील अत्यंत पर्जन्याच्या स्थळांत त्याची गणना होते. नायजेरियाच्या निरनिराळ्या विभागांतून आलेले तरुण कर्मचारी, शिक्षक व विद्यार्थी येथे एकत्र राहत, समुद्रात पोहत आणि पर्वतावर चढत. त्याच्या जोडीला ग्रामविकासाची श्रमाची कामेही त्यांना करावी लागत. कार्यालयात बसणाऱ्या सुशिक्षित माणसाने हातात फावडे घेणे कमीपणाचे मानले जाण्याच्या त्या काळात हा भाग पर्वतारोहणाइतकाच अवघड होता. १९६१ च्या सार्वमतानंतर दक्षिण कॅमेरून्स हा प्रदेश कॅमेरून प्रजासत्ताकात गेला. नायजेरियाने मात्र नागरिकत्व व नेतृत्व प्रशिक्षण केंद्रांच्या रूपाने ही परंपरा आपल्या भूमीवर चालू ठेवली. डिक्सन यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये परदेशी स्वयंसेवेची संघटना स्थापन केली. साहसाची सेवेशी सांगड घालण्याचे तेच सूत्र त्या संघटनेतही दिसते.

त्याच दशकात केन्यामध्ये किलिमांजारोच्या उत्तरेकडील उतारावर लोइटोकिटोक येथे आउटवर्ड बाउंड पर्वतीय शाळा निघाली. ५,८९५ मी. उंचीचे हे शिखर विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर असले, तरी त्याच्या माथ्यावर हिम असते. त्यामुळे येथील विद्यार्थी काही दिवसांत गवताळ माळ, दाट अरण्य, ओसाड खडकाळ पठार व हिम अशा सर्व पट्ट्यांतून जात असे. आशियातील पहिली आउटवर्ड बाउंड शाळा मलायाच्या पेराक राज्यात, पांकोर बेटासमोरील लुमुत या किनारी गावाजवळ स्थापन झाली. तेथे समुद्र व अरण्य ही दोन्ही माध्यमे हाताशी होती.

या शाळा ज्या काळात निघाल्या, तो काळ सामान्य नव्हता. मलायात १९४८ ते १९६० आणि केन्यात १९५२ ते १९६० या काळात सशस्त्र उठावांमुळे आणीबाणी जारी होती. जाणाऱ्या सत्तेला आपल्यामागे शिस्तप्रिय व विश्वासू अधिकारीवर्ग हवा होता. येणाऱ्या राष्ट्रीय नेतृत्वाला निरनिराळ्या वंशांच्या व भाषांच्या तरुणांना एकत्र आणणारे नागरिकत्व हवे होते. एकच शाळा या दोन्ही अपेक्षा पूर्ण करू शकेल, असे दोघांनाही वाटत होते. म्हणूनच साम्राज्य गेले, तरी या शाळा बंद पडल्या नाहीत. त्यांचे धनी बदलले.

सिंगापूरची शाळा : हा बदल सर्वांत स्पष्टपणे सिंगापूरमध्ये दिसतो. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले. लुमुतची शाळा परदेशात राहिली. नव्या राष्ट्राला स्वतःचे पुरेसे सैन्य नव्हते, नैसर्गिक साधनसंपत्ती नव्हती आणि लोकसंख्या चिनी, मलाय व भारतीय अशा गटांत विभागलेली होती. १९६४ मधील वांशिक दंगलींच्या आठवणी ताज्या होत्या. १९६७ मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ज्येष्ठ मंत्री गोह केंग स्वी (१९१८–२०१०) यांच्या पुढाकाराने पुलाऊ उबिन या बेटावर आउटवर्ड बाउंड शाळा स्थापन करण्यात आली. ‘कणखर समाज’ हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांचे घोषित ध्येय होते. शाळा हे त्याचे एक साधन होते. १९९१ मध्ये तिचे व्यवस्थापन समाजसंघटनाचे काम करणाऱ्या ‘पीपल्स असोसिएशन’ या शासकीय मंडळाकडे आले. या हस्तांतराबरोबर शाळेचा भर कणखरपणाकडून सामाजिक एकोप्याकडे अधिकाधिक झुकत गेला.

पुलाऊ उबिन हे सिंगापूरच्या ईशान्येस जोहोरच्या सामुद्रधुनीत असलेले सु. १० चौ. किमी. क्षेत्रफळाचे बेट होय. तेथील ग्रॅनाइटच्या खाणी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध होत्या. १८५१ मध्ये पूर्ण झालेल्या हॉर्झबर्ग दीपगृहासाठी तेथील दगड वापरण्यात आला. खाणी बंद पडल्यावर त्यांच्या खड्ड्यांत पाणी साचून खोल तळी झाली. रबराच्या जुन्या मळ्यांवर पुन्हा झाडी माजली आणि किनाऱ्यावर खारफुटीचे पट्टे टिकून राहिले. रानडुकरे, धनेश पक्षी व भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील विपुल जलचर यांमुळे हे बेट निसर्गाभ्यासकांनाही प्रिय आहे. बेटाच्या पूर्व टोकावरील चेक जावा या पाणथळ क्षेत्रात भराव घालण्याची योजना डिसेंबर २००१ मध्ये नागरिकांच्या आग्रहानंतर पुढे ढकलण्यात आली.

दरम्यान मुख्य बेटावरील जीवन आमूलाग्र बदलले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने खेडी व झोपडवस्त्या हटवून बहुसंख्य कुटुंबांना उंच इमारतींत नेले. १९६७ च्या विद्यार्थ्याला चिखल, काळोख व डास यांची घरीच ओळख असे. दोन पिढ्यांनंतरच्या विद्यार्थ्याला ती शाळेत प्रथमच होऊ लागली. उष्ण कटिबंधात जन्मूनही तो उष्ण कटिबंधाला पारखा झाला होता. मूळ ब्रिटिश शाळेत विद्यार्थी परक्या निसर्गात जाई, येथे तो आपल्याच निसर्गाकडे परक्यासारखा परततो. हे या शाळेचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

शाळेतील जीवन : उष्ण कटिबंधीय साहसशिक्षण शाळांतील दिनक्रमाची रूपरेषा बरीचशी समान असते. विद्यार्थी बहुधा होडीने येतात आणि त्यांच्या तुकड्या पाडल्या जातात. तुकडीस जहाजावरील पहाऱ्याच्या पाळीवरून ‘वॉच’ असे म्हणतात. ॲबरडोव्हीपासून ती साधारणतः बारा जणांची असे, नंतर काही ठिकाणी थोडी मोठी झाली. ओळखीचे विद्यार्थी शक्यतो निरनिराळ्या तुकड्यांत घातले जातात. भ्रमणध्वनी व मौल्यवान वस्तू जमा करून घेतात. त्यानंतर सामानाची वाटणी होते : ताडपत्री, दोर, पाण्याची पिंपे, शिधा, स्वयंपाकाची भांडी, प्रथमोपचाराची पेटी. कोणी काय उचलावे हे निदेशक सांगत नाही. पहिल्या दिवशीचा हा साधा प्रश्नच बहुतेक तुकड्यांतील पहिला वाद ठरतो आणि तेथूनच शिक्षणास आरंभ होतो.

नायकत्व दररोज बदलते. स्वयंपाक, भांडी घासणे, तंबू उभारणे व स्वच्छता ही कामे सर्वांच्या वाट्याला येतात. निरनिराळ्या धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या आहारविषयक नियमांचा विचार करून शिधा ठरवावा लागतो. एकाच चुलीवर सर्वांना चालेल असे अन्न शिजविणे हा बहुधर्मीय समाजातील सहजीवनाचा प्रत्यक्ष पाठच होय. सायंकाळी तुकडी गोलाकार बसते आणि दिवसभरात काय घडले, कोणाचे म्हणणे ऐकले गेले व कोणाचे नाही, याची चर्चा करते. अनुभव आपोआप शिकवितो अशी आरंभीच्या काळातील समजूत होती. १९७० नंतर मात्र अनुभवावर चिंतन झाल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, हे मत सर्वत्र रूढ झाले. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच प्रत्येक अनुभव शिक्षणप्रद असतो असे नाही, असा इशारा दिला होता.

उपक्रम : जलोपक्रमांत कायाक ही एका वा दोघांनी वल्हवावयाची निमुळती होडी, शिडाची होडी आणि पिंपे, बांबू व दोर यांपासून बनविलेला तराफा यांचा समावेश होतो. आरंभी विद्यार्थ्यांना मुद्दाम होडी उलटवून पाण्यात पडण्याचा व पुन्हा चढण्याचा सराव दिला जातो. धक्क्यावरून पाण्यात उडी मारणे हा प्रसंग क्षणाचाच, परंतु अनेकांच्या स्मरणात राहणारा असतो. जोहोरच्या सामुद्रधुनीत लाटा मोठ्या नसल्या, तरी भरती-ओहोटीचा प्रवाह जाणवण्याजोगा असतो. त्यामुळे निघण्याची वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरवावी लागते. चुकीच्या वेळी निघालेल्या तुकडीला प्रवाहाविरुद्ध वल्हवावे लागते किंवा ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलातून होड्या ओढाव्या लागतात.

भूमीवरील उपक्रमांत नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने पदभ्रमण, कृत्रिम भिंतीवरील किंवा खडकावरील आरोहण, दोराच्या आधाराने अवरोहण आणि उंच खांबांवर बांधलेला दोरमार्ग हे प्रमुख होत. दाट अरण्यात दूरची खूण दिसत नाही. म्हणून पावले मोजून अंतर काढणे व ओढ्यांच्या दिशेवरून स्थान ओळखणे यांवर भर दिला जातो. विषुववृत्तालगत संध्याप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सायंकाळी सातच्या सुमारास सूर्य मावळला, की अर्ध्या तासात काळोख होतो. तत्पूर्वी मुक्काम न गाठणाऱ्या तुकडीस ताडपत्री अंधारातच बांधावी लागते. दीर्घ शिक्षणक्रमांत प्रत्येक विद्यार्थ्यास काही तास किंवा एक रात्र एकट्याने काढावी लागते. निदेशक दुरून लक्ष ठेवतो. या एकान्तवासात करावयाचे काहीच नसते. पुष्कळांना तोच सर्वांत कठीण वाटतो.

हवामान व धोका : ब्रिटनमधील शाळेचा मुख्य शत्रू थंडी हा होता. थंडीत हालचाल चालू ठेवणे हाच बचाव असल्यामुळे ‘थांबू नका’ हा उपदेश आरोग्यदृष्ट्याही योग्य ठरे. उष्ण कटिबंधात नेमके उलट आहे. सिंगापूरमध्ये वर्षभर दिवसाचे तापमान ३१°–३३° से. पर्यंत जाते आणि हवेतील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८०% च्या आसपास असते. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे श्रमाने निर्माण झालेली उष्णता शरीरातच साठते आणि नेटाने पुढे जाणारा, तक्रार न करणारा तरुणच उष्माघाताला प्रथम बळी पडण्याचा संभव असतो. म्हणजे मूळ शाळेने जो गुण सर्वोच्च मानला, तोच येथे घातक ठरू शकतो. चिकाटीचा अर्थ येथे बदलावा लागला : पाणी केव्हा प्यावे, सावलीत केव्हा बसावे आणि सोबत्याच्या चालीतील अडखळण केव्हा ओळखावी, हे जाणणारा तो खरा नायक.

या कामी अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सैनिकी प्रशिक्षणासाठी तयार झालेला एक निर्देशांक उपयोगी पडतो. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकावरील तापमानास ७०%, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलकातील तापमानास २०% आणि हवेच्या साध्या तापमानास १०% महत्त्व दिले जाते. केवळ ऊन नव्हे, तर आर्द्रता ही उष्णतेच्या धोक्याची मुख्य मोजणी होय, हे या प्रमाणांवरून स्पष्ट होते. निर्देशांक वाढेल त्याप्रमाणे श्रमाचा काळ कमी व विश्रांतीचा काळ अधिक ठेवण्यात येतो.

दुसरा धोका विजेचा होय. सिंगापूरमध्ये वर्षातून सरासरी दीडशेहून अधिक दिवस मेघगर्जनेसह वादळे होतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मलाक्काच्या सामुद्रधुनीकडून पहाटेच्या सुमारास सोसाट्याचा वारा व मुसळधार पाऊस घेऊन येणारी वादळे ‘सुमात्रा’ या नावाने ओळखली जातात. वीज चमकणे व गडगडाट ऐकू येणे यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असल्यास सुरक्षित आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये, असा नियम अनेक देशांत पाळला जातो. पाण्यावरील तुकडीस अशा वेळी जवळच्या किनाऱ्यास लागावे लागते. याखेरीज डासांपासून होणारे डेंग्यूसारखे रोग, कीटकदंश व चिघळणाऱ्या जखमा यांकडेही लक्ष द्यावे लागते.

सुरक्षिततेविषयीचे नियम बहुधा दुर्घटनांनंतरच कडक झालेले दिसतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतात शालेय सहलीतील पाच विद्यार्थी व एक शिकाऊ निदेशक हिमवादळात मरण पावले. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधील लाइम उपसागरात कायाकच्या सहलीत चार विद्यार्थ्यांचा अंत झाला. त्यातून १९९५ चा साहसकेंद्रांविषयीचा कायदा व परवानापद्धती निर्माण झाली. सिंगापूरमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये एका शाळेच्या शिबिरात दोरमार्गावरील अपघातानंतर पंधरा वर्षांचा विद्यार्थी दगावला आणि शिक्षण मंत्रालयाने शाळांतील उंचीवरील उपक्रम स्थगित केले. साहसशिक्षणात धोका पूर्णपणे काढून टाकल्यास शिक्षणाचा आशय उणावतो आणि तो तसाच ठेवल्यास पालकांचा विश्वास गमावला जातो. विद्यार्थ्याला वाटणारा धोका व प्रत्यक्ष धोका यांत भेद करून पहिला राखावयाचा व दुसरा कमी करावयाचा, हे धोरण म्हणूनच सर्वमान्य झाले आहे. तथापि हा भेद कागदावर जितका स्वच्छ दिसतो, तितका समुद्रावर नसतो.

मूल्यमापन : या शिक्षणाचा परिणाम किती टिकतो, हा प्रश्न आरंभापासून विचारला गेला आहे. जॉन हॅटी व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये ९६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत १२,००० हून अधिक सहभागींची माहिती होती. शिक्षणक्रमाच्या अखेरीस आत्मविश्वास, नेतृत्व इ. बाबतींत सरासरी एक-तृतीयांश प्रमाण विचलनाइतकी सुधारणा आढळली. ती पुढील काळात न ओसरता थोडी वाढलेली दिसली, हे शैक्षणिक प्रयोगांच्या दृष्टीने विरळा होय. मात्र निरनिराळ्या शिक्षणक्रमांच्या परिणामांत फार तफावत होती आणि वीस दिवसांहून दीर्घ शिक्षणक्रम अधिक परिणामकारक ठरले होते. उलटपक्षी ऑस्ट्रेलियन अभ्यासक अँड्रू ब्रुक्स यांनी २००३ मध्ये या पद्धतीच्या पायावरच आक्षेप घेतला. माणसाचे वर्तन बरेचसे प्रसंगावर अवलंबून असते. बेटावर धीट व उदार वागणारा विद्यार्थी घरी किंवा कार्यालयात तसाच वागेल असे मानण्यास आधार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘शील घडविणे’ हा दावा त्यांना अवास्तव वाटला. कौशल्य, परिसराचे ज्ञान व परस्परांची ओळख ही फळे मात्र या आक्षेपातूनही शिल्लक राहतात.

सार्वत्रिकीकरण : सिंगापूर शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय मैदानी साहसशिक्षणाची योजना जाहीर केली. माध्यमिक तिसऱ्या इयत्तेतील, म्हणजे सु. पंधरा वर्षांच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांचा शिक्षणक्रम असावा, निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थी एकाच तुकडीत मिसळावेत आणि त्यासाठी कोनी बेटावर सु. १२ हेक्टरांचे नवे केंद्र उभारावे, असे तिचे स्वरूप होते. २०२० पासून सर्व शाळांना तीत सामावून घेण्याचे ठरले होते. त्याच वर्षी करोना महासाथीमुळे शिक्षणक्रमांत खंड पडला. जहाज कंपनीतील निवडक उमेदवारांसाठी निघालेली चार आठवड्यांची शाळा अशा रीतीने एका देशातील संपूर्ण वयोगटासाठी पाच दिवसांची झाली. यात लाभ व हानी दोन्ही आहेत. नामवंत शाळेतील मुलगा व सामान्य शाळेतील मुलगी एकाच कायाकमध्ये बसतात, ही गोष्ट परीक्षांवर आधारलेल्या शिक्षणव्यवस्थेत सहजासहजी घडत नाही. दुसऱ्या बाजूस, स्वेच्छेने पत्करलेले साहस व वेळापत्रकात आलेले साहस यांत अंतर आहे. शिवाय पाच दिवसांत तुकडीचे आपसांतील वाद उपस्थित होतात, पण ते मिटण्यास अवधी पुरतोच असे नाही. ही उणीव शाळेत परतल्यानंतरच्या पाठपुराव्याने भरून काढण्याचा प्रयत्न करावा लागतो.

भारत : भारतात साहसशिक्षणाचा विकास मुख्यतः गिर्यारोहणाच्या अंगाने झाला. दार्जिलिंग येथे १९५४ मध्ये हिमालयन गिर्यारोहण संस्था आणि उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. त्यांचे मूलभूत शिक्षणक्रम सुमारे चार आठवड्यांचे असून त्यांत हिमपर्वतावरील कौशल्यांना प्राधान्य असते. उष्ण कटिबंधीय परिसराशी संबंधित कार्य सह्याद्रीत दिसते. तेथे मुंबई-पुण्याकडील गिर्यारोहण संस्थांनी किल्ले, घाटवाटा व कडे यांच्या आधारे पदभ्रमण व प्रस्तरारोहणाची शिबिरे भरविली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर करून अशा उपक्रमांच्या नोंदणीची व सुरक्षिततेची चौकट आखली. पर्यटन व शिक्षण यांतील सीमारेषा मात्र नियमांनी आखता येत नाही. सहभागी व्यक्तीवर सोबत्यांची जबाबदारी कितपत सोपविली जाते, यावरच ती अवलंबून असते. सेवेची संधी व चिंतनाला अवधी जेथे मिळतो, तेथेच साहसाचे शिक्षणात रूपांतर होते, असे उष्ण कटिबंधातील या शाळांच्या सत्तर वर्षांच्या इतिहासावरून दिसते.